लहान रुग्णालय की मोठे? सांगली-मिरजेतील परिचारिकांसाठी नोकरी निवडण्याची रीत

मिरज स्टेशनवर उतरून गावात कोणत्याही दिशेला थोडे चालत गेलात तरी दवाखान्याची पाटी दिसतेच. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन हॉस्पिटल उभे केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि या दोन संस्थांच्या अवतीभवती लहान-मोठी रुग्णालये वाढत गेली. सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही येथे रुग्ण येतात. त्यामुळे सांगली जिल्ह्यात जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग ही पदवी पूर्ण केलेल्या मुलीला कामच मिळाले नाही, असे सहसा घडत नाही; तिचे अडते ते निवडीपाशी. तासगाव, विटा, जत किंवा कवठे महांकाळ येथील एखाद्या डॉक्टर दाम्पत्याच्या वीस खाटांच्या रुग्णालयातून बोलावणे येते, त्याच आठवड्यात सांगलीतील किंवा मिरजेतील तीनशे खाटांच्या रुग्णालयात मुलाखत असते, आणि घरातील प्रत्येक माणूस वेगळा सल्ला देतो. आईला मुलगी घराजवळ हवी असते, मामांना मोठे नाव हवे असते, आणि वर्गातील मैत्रिणी जिकडे गेल्या तिकडेच जावे असे मुलीला वाटते.

मी पहिली तीन वर्षे तालुक्याच्या गावातील बावीस खाटांच्या रुग्णालयात काढली आणि त्यानंतरची बरीच वर्षे एका मोठ्या रुग्णालयात. त्यांतील शेवटची काही वर्षे इन्चार्ज सिस्टर म्हणून नव्या मुलींना आणि ब्रदरना वॉर्डचे काम शिकवण्यात गेली. दोन्हीकडे मी शिकले आणि दोन्हीकडे असे दिवस पाहिले, की ते आठवले तर आजही झोप उडते. एवढ्या काळानंतर माझे मत असे झाले आहे, की खाटा मोजून निर्णय घेऊ नये. रात्रपाळीत रुग्ण बिघडला तर तुमच्या शेजारी अनुभवी माणूस कोण असेल, आणि पाच वर्षांनंतर तुम्हाला कोणत्या जागी असायचे आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर नोकरी निवडावी. पुढील पायऱ्या ही उत्तरे शोधण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: रुग्णालये पाहण्याआधी स्वतःचे पाच वर्षांचे नियोजन कागदावर लिहा

हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून बहुतेक जणी ते टाळतात, आणि त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी मोजावी लागते. सर्वांत ठळक उदाहरण केंद्र सरकारच्या नोकरीचे आहे. देशभरातील एम्स रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर म्हणून निवड होण्यासाठी नॉरसेट ही परीक्षा द्यावी लागते. बीएस्सी नर्सिंग झालेल्या उमेदवाराला या परीक्षेसाठी अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्या उमेदवाराला मात्र पदविका मिळाल्यानंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षे काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. जीएनएम झालेल्या मुलीने पंचवीस खाटांच्या रुग्णालयात चार वर्षे जिवाचे रान करून काम केले, तिथे दोनशे बाळंतपणे पाहिली, तरी त्या अर्जापुरता तिचा अनुभव शून्य धरला जातो. माझ्या हाताखाली आलेल्या एका मुलीला हे अर्ज भरण्याच्या आठवड्यात कळले. ती हुशार होती आणि अभ्यासही तयार होता, पण पुन्हा दोन वर्षे थांबण्यावाचून तिच्यापुढे मार्ग उरला नाही. म्हणून जीएनएम केलेल्या आणि एम्सचे स्वप्न असलेल्या मुलींनी लहान रुग्णालयाचा विचार निदान पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवावा. बाकी सर्व मुद्द्यांवर मी चर्चेला तयार आहे, याच्यावर नाही.

परदेशात जायचे असेल तर तेथील रुग्णालये साधारणपणे विशिष्ट विभागातील सलग अनुभव मागतात. आयसीयू, ओटी (शस्त्रक्रियागृह), डायलिसिस किंवा नवजात शिशू कक्ष यांपैकी एका ठिकाणी तुम्ही किती वर्षे होता, हे त्यांना पाहायचे असते. ‘सगळे काही केले’ या वाक्याला तिथे फारसे वजन नसते. याउलट, लग्नानंतर गावातच राहायचे आहे, पुढे ग्रामीण रुग्णालयात काम करायचे आहे किंवा प्रसूतिसेवेत हात बसवायचा आहे, असे ज्यांचे ठरले आहे, त्यांना लहान रुग्णालयातील वर्षे फार उपयोगी पडतात. पोस्ट बेसिक बीएस्सी करायचे असेल तर कोणत्या रुग्णालयाची ड्यूटी त्या दोन वर्षांच्या शिक्षणाआधी तुम्हाला पैसे साठवू देईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उद्देश अजून ठरलेला नसेल तर तसेच लिहा. ज्यांचे ठरलेले नाही त्यांनी पन्नासपेक्षा अधिक खाटांच्या ठिकाणी सुरुवात करावी, कारण त्याने पुढचा कोणताही दरवाजा बंद होत नाही.

दुसरी पायरी: लहान आणि मोठ्या रुग्णालयांत प्रत्यक्ष काम काय असते ते समजून घ्या

आपल्याकडे ‘लहान रुग्णालय’ या एका शब्दात अनेक प्रकार येतात. शासनाचे ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे असते, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचे. डॉक्टर दाम्पत्याचे खासगी रुग्णालय बहुधा दहा ते तीस खाटांचे असते. खाली ओपीडी, वर वॉर्ड आणि सर्वांत वर डॉक्टरांचे घर, ही रचना तुम्ही पाहिलेली असेलच.

अशा ठिकाणी परिचारिकेच्या वाट्याला सर्व प्रकारचे काम येते. सकाळी ओपीडीत रक्तदाब आणि वजन घेणे, मग वॉर्डातील इंजेक्शने, दुपारी सिझेरियनला ओटीत सरांच्या समोर उभे राहून साहित्य देणे, संध्याकाळी नमुने लॅबकडे पाठवणे आणि रात्री रुग्ण सांगलीला हलवायचा झाला तर रुग्णवाहिकेत बसून जाणे. तासगाव आणि मिरज तालुक्यांच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की औषधाची बाधा झालेले रुग्ण येतात. त्यावर उतारा म्हणून दिले जाणारे ॲट्रोपिन चालू असताना बाहुली किती मोठी झाली, नाडी कुठवर गेली, छातीतील घरघर कमी झाली की नाही, हे दर काही मिनिटांनी पाहणारी व्यक्ती परिचारिकाच असते. पावसाळ्यात सर्पदंश येतात. घोणस चावल्याचा संशय असेल तर दोन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून रक्त गोठले की नाही ते पाहायचे, ही साधी चाचणी मी मोठ्या रुग्णालयात नव्हे, त्या बावीस खाटांच्या ठिकाणी शिकले. नळी साबणाने धुतलेली असेल तर चाचणीचा निष्कर्ष चुकतो, हेही तिथल्याच सरांनी समोर उभे करून दाखवले. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात येतात, आणि फडातून थेट बाळंतपणासाठी आलेल्या बायकांची आधीची कोणतीही तपासणी झालेली नसते. असे रुग्ण हाताळताना निरीक्षणशक्ती तयार होते. मशीन नसते, त्यामुळे डोळे आणि बोटे वापरावी लागतात.

मोठ्या रुग्णालयात काम अरुंद असते पण खोल जाते. आयसीयूत दोन रुग्ण तुमच्याकडे असतील, तर त्यांच्या व्हेंटिलेटरची सेटिंग, एबीजीचा (धमनीच्या रक्तातील वायूंच्या तपासणीचा) अहवाल, इन्फ्यूजन पंपावरील औषधाची मात्रा, दर तासाची लघवी आणि कुशी बदलण्याच्या वेळा, सर्व तुम्हाला तोंडपाठ असावे लागते. संसर्ग नियंत्रणासाठी वेगळी परिचारिका असते, औषध देण्यापूर्वी दोघींनी तपासण्याची शिस्त असते, आणि हृदय बंद पडले तर कोड ब्लू पुकारला की पथक धावत येते. रुग्णालयांच्या गुणवत्तेचे एनएबीएच हे मानांकन असेल तर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी लागते. नवीन मुली या नोंदींना फार वैतागतात, परंतु पुढे कोठेही गेलात तरी नीट लिहिण्याची ही सवय तुमचे संरक्षण करते. उणीव अशी, की एकाच वॉर्डात चार वर्षे ठेवले गेले तर त्या वॉर्डाबाहेरचे काम हात विसरतात. मुलाखतीला आलेली, पाच वर्षांचा अनुभव असलेली, पण लहान मुलाच्या हाताला इन्ट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी) लावता न येणारी परिचारिका मी पाहिली आहे. दोष तिचा नव्हता. तिला त्या विभागातून कधी हलवलेच नव्हते.

तिसरी पायरी: रात्रपाळीचा हिशेब स्वतः करा

या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्या, कारण येथे कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. हिशेब साध्या गणिताचा आहे.

दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याचे सात दिवस धरले, तर प्रत्येक पाळीत केवळ एक परिचारिका ठेवायची असली तरी आठवड्याला एकवीस ड्यूट्या भराव्या लागतात. एक परिचारिका साप्ताहिक सुट्टी घेऊन सहा ड्यूट्या करते. म्हणजे साडेतीन परिचारिका लागल्या. रजा, आजारपण आणि घरातील कार्य धरले की पाचवी लागते. प्रत्येक पाळीत दोघी हव्या असतील तर ड्यूट्या बेचाळीस होतात आणि नऊ-दहा परिचारिकांशिवाय गाडी चालत नाही. आता मुलाखतीत विचारा, “मॅडम, आपल्याकडे नोंदणीकृत परिचारिका एकूण किती आहेत?” उत्तर ‘चार’ असे आले, तर रात्री तुम्ही एकट्या असणार हे निश्चित समजा. उत्तर ‘तीन’ असे आले, तर कोणीतरी सतत डबल ड्यूटी करत आहे, आणि लवकरच ती तुम्ही असाल. रात्रपाळी बारा तासांची, आठ ते आठ अशी असेल तर हा हिशेब त्याप्रमाणे पुन्हा मांडा.

मोठ्या रुग्णालयातही हाच हिशेब वॉर्डनिहाय करावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात हे प्रमाण अनेक ठिकाणी पाळले जात नाही, हे या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. तरीही निकष माहीत असला, की तुम्हाला मिळणारी जागा त्यापासून किती दूर आहे ते मोजता येते. रात्री सामान्य वॉर्डात एकीकडे दहा रुग्ण असणे आणि तीस असणे यांत मोठे अंतर आहे.

खाटांची संख्या येथे का फसवते, ते दोन रात्रींवरून सांगते. बावीस खाटांच्या रुग्णालयात मी आठ महिन्यांची नवखी असताना, एका बाईला बाळंतपणानंतर अर्ध्या तासाने रक्तस्राव सुरू झाला. गर्भाशय पोटावरून चोळत मी मावशींना वर पाठवले. मॅडम चार मिनिटांत, केसही न बांधता, खाली आल्या. त्यांनी दुसरी जाड इन्ट्राकॅथ मला लावायला लावली, स्वतः ऑक्सिटोसिन चालू केले आणि प्रत्येक गोष्ट का करतो ते हळू आवाजात बोलत राहिल्या. रक्त मिरजेहून आणावे लागले, तो दीड तास फार लांब वाटला, पण बाई वाचली आणि मी ते काम कायमचे शिकले. दुसरी रात्र मोठ्या रुग्णालयातील. नव्या विभागात माझी ती दुसरीच रात्र होती, माझ्याकडे अठ्ठावीस रुग्ण होते, सोबतची सिस्टर दुसऱ्या वॉर्डात पाठवलेली होती, आणि एका वृद्ध रुग्णाचा श्वास वाढत चालला असताना मी निवासी डॉक्टरांना पाच वेळा फोन केला. ते आपत्कालीन विभागात अडकले होते. चाळीस मिनिटांनी ते आले. तेव्हा त्या इमारतीत शंभराहून अधिक माणसे कामावर होती, आणि माझ्या वॉर्डात मी एकटी होते.

म्हणून विचारायचे ते असे: रात्री डॉक्टर इमारतीत राहतात की फोनवर असतात? फोनवर असतील तर पोहोचायला किती वेळ लागतो? आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) असतील तर ते किती अनुभवी आहेत? रक्त कोठून येते? नवीन परिचारिकेला पहिली एकटी रात्रपाळी किती दिवसांनी देता? या शेवटच्या प्रश्नाला ‘लगेच’ असे उत्तर मिळाले, तर लहान असो वा मोठे, ते ठिकाण पहिल्या नोकरीसाठी योग्य नाही.

चौथी पायरी: सोबत काम करणाऱ्यांची नोंदणी तपासा

हा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. काही लहान रुग्णालयांत पांढरा ॲप्रन घातलेली प्रत्येक मुलगी प्रशिक्षित असतेच असे नाही. हाताला कामाची सवय असलेल्या, मेहनती, पण कोणताही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम न केलेल्या मुली तिथे इंजेक्शने देत असतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. परिस्थितीने त्यांना तिथे आणलेले असते, आणि मला स्वतःला शीर शोधायला शिकवणारी बाई अशीच होती. परंतु महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या तुम्ही एकट्याच असाल, तर संपूर्ण पाळीत दिलेल्या औषधांची जबाबदारी, चूक झाल्यावर, तुमच्या सहीपाशी येऊन थांबते. दुसरीने दिलेल्या इंजेक्शनवर सही करण्यास सांगितले जाईल का, हे रुजू होण्यापूर्वी जाणून घ्या. स्वतःची नोंदणीही चालू ठेवा; ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास लागतात. मोठ्या रुग्णालयात असे वर्ग बऱ्याचदा आवारातच होतात, लहान रुग्णालयातून मात्र रजा काढून जावे लागते. ती रजा भरपगारी मिळेल का, तेही विचारावे.

पाचवी पायरी: पगार आणि कागद

पगाराचा आकडा ऐकताना तो हातात पडणारा की कपातीपूर्वीचा, ते आधी स्पष्ट करून घ्या. मिरजेत खोली, मेस आणि प्रवास यांचा खर्च वजा केल्यावर मोठ्या रुग्णालयाचा पगार घराजवळच्या लहान रुग्णालयापेक्षा कमी उरतो, असे पुष्कळदा होते. वसतिगृह मोफत असेल तर चित्र उलटते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर निर्णय देताना खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले होते. त्या समितीच्या शिफारशी खाटांच्या संख्येवर आधारलेल्या आहेत. दोनशेपेक्षा अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे. शंभर ते दोनशे खाटांमध्ये ते त्याहून १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे. पन्नास ते शंभर खाटांमध्ये २५ टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे. आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे. या शिफारशी आहेत, त्यांच्या जोरावर उद्या सकाळी पगार वाढत नाही. तरीही मुलाखतीला जाताना हे आकडे डोक्यात असू द्या. आपल्या कामाची किंमत एका अधिकृत समितीने कोणती ठरवली होती हे माहीत असलेली मुलगी पगाराविषयी मान खाली घालून बोलत नाही.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस लागू होतो, त्यामुळे फार लहान रुग्णालयात तो नसण्याची शक्यता असते. प्रसूती रजेचे पाहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. लग्न ठरत असलेल्या मुली हा प्रश्न विचारायला लाजतात. तो विचारलाच पाहिजे, आणि ‘आमच्याकडे बाळंतपणाला सिस्टर नोकरी सोडतात, मग पुन्हा येतात’ असे उत्तर मिळाले तर त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका. दाखवा, तपासू द्या, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी परत आणा. ‘एक वर्ष पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे राहू द्या’ असे गोड शब्दांत सांगितले जाते. असे कागद अडकल्यामुळे माझ्या एका सहकारी मुलीची शासकीय भरतीची कागदपत्र पडताळणी हुकली. बाँड लिहून मागितला तर तो घरी नेऊन वाचा. नियुक्तिपत्र लेखी असावे, आणि त्यात पद, रुजू होण्याची तारीख, वेतन व सूचनेचा कालावधी (नोटीस पिरियड) या चार गोष्टी असाव्यात. पगार बँकेत जमा व्हावा असा आग्रह धरा, कारण पुढे अनुभव सिद्ध करताना बँकेच्या पासबुकातील नोंदी साक्षीदारासारख्या उपयोगी पडतात.

आणखी एक कागद फार कमी जणींना ठाऊक असतो. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील रुग्णालयाचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलेले असते आणि त्यावर मंजूर खाटांची संख्या असते. पाटीवर शंभर खाटा आणि प्रमाणपत्रावर चाळीस, असे असेल तर नॉरसेटसारख्या ठिकाणी तुमचा अनुभव वादात सापडू शकतो. मुलाखतीच्या दिवशी ते शांतपणे वाचून या.

सहावी पायरी: अर्धा दिवस रुग्णालयात काढा

मुलाखत झाल्यावर लगेच निघू नका. वॉर्ड पाहण्याची परवानगी मागा. चांगल्या ठिकाणी ती आनंदाने दिली जाते. सर्वप्रथम इमर्जन्सी ट्रॉली पाहा. तिच्यावर तपासणीची वही टांगलेली आहे का, शेवटची सही कोणत्या तारखेची आहे, श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का? नंतर कचऱ्याचे डबे पाहा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे वर्गीकरण असते. लाल पिशवीत सुया दिसल्या तर त्या उद्या तुमच्याही बोटात शिरू शकतात. सुई टोचल्यास काय करतात, ते इन्चार्ज सिस्टरना विचारा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, त्यामुळे ‘बघू, काढू काहीतरी’ हे उत्तर पुरेसे नाही. हिपॅटायटिस बीची लस रुग्णालय देते का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

परिचारिकांसाठी कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह आहे का ते पाहा. रात्री प्रवेशद्वारावर रखवालदार असतो का, नातेवाईकांची गर्दी कोण आवरते हेही पाहावे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि त्याचे संरक्षण परिचारिकांनाही आहे. पण प्रसंग येतो तेव्हा तक्रार द्यायला व्यवस्थापन तुमच्या पाठीशी उभे राहते का, याची माहिती तिथल्या जुन्या सिस्टरच देऊ शकतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे लावलेली आहेत का, तेवढे पाहून घ्या.

आणि शेवटी चहाच्या वेळी एखाद्या मावशींशी किंवा वॉर्डातील मामांशी बोला. ‘मावशी, इथे सिस्टर किती दिवस टिकतात?’ या एका प्रश्नातून जे कळते, ते तासभराच्या मुलाखतीत कळत नाही.

सातवी पायरी: रस्ता आणि पाऊस

सांगली-मिरज परिसरात हा मुद्दा किरकोळ नाही. दुपारची पाळी संपते तेव्हा तालुक्याकडे जाणारी शेवटची एसटी गेलेली असू शकते. रोज त्या वेळी कोण सोडणार, हे घरच्यांशी आधीच बोला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीतील रस्ते बंद झाले, तेव्हा नदीपलीकडे राहणाऱ्या परिचारिका कामावर पोहोचू शकल्या नाहीत आणि ज्या आत होत्या त्यांना दिवसचे दिवस घरी जाता आले नाही. घर आणि रुग्णालय यांच्यामध्ये नदी येत असेल, तर पावसाळ्यात राहण्याची सोय आणि त्या दिवसांचा पगार यांविषयी प्रश्न विचारणे रास्त आहे.

रुजू झाल्यानंतर आणि सोडताना

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि तिच्यात केलेल्या कामांची नोंद करा: किती कॅथेटर घातले, किती बाळंतपणांत मदत केली, कोणत्या शस्त्रक्रियांना उभ्या राहिलात, काय चुकले आणि कोणी दुरुस्त केले. रुग्णाचे नाव लिहू नका. तीन महिन्यांनी वही उघडा. शेवटच्या महिन्यात नवीन काहीच लिहिलेले नसेल तर मोठ्या रुग्णालयात विभाग बदलून मागा, लहान रुग्णालयात सरांकडे प्रशिक्षणासाठी बाहेर पाठवण्याची विनंती करा. ‘कोणी दुरुस्त केले’ हा रकाना रिकामा राहत असेल, तर तुमच्या चुका कोणी पाहतच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मी असते तर त्याच महिन्यापासून दुसरी जागा शोधली असती.

लहान ठिकाणाहून मोठ्या ठिकाणी जाताना पगार तात्पुरता स्थिर राहिला तरी जा, पण विभाग कोणता मिळणार ते लेखी घ्या. मोठ्या ठिकाणाहून लहान ठिकाणी येताना इन्चार्जचे पद मागा, कारण तुमच्याकडची शिस्त त्यांना हवी असते. राजीनामा नेहमी लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या आणि सूचनेचा कालावधी पूर्ण करा. अनुभव प्रमाणपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर घ्या. त्यावर पूर्ण वेळ काम, पद, विभाग, ‘पासून-पर्यंत’च्या तारखा, मंजूर खाटांची संख्या आणि सही करणाऱ्याचे नाव-पद स्पष्ट असले पाहिजे. ते शेवटच्या पगाराच्या दिवशीच हातात घ्या, दोन प्रती करा आणि त्यांतील एक घरच्या कपाटात ठेवा.